एपेक्स की एमएक्स झेड: ट्रेलसाठी जुनी स्नोमोबाईल निवडताना

जुनी स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, घेऊन ती आपल्या गरजेप्रमाणे बदलून घ्यायची असे ठरले की बोलणे बहुतेक वेळा इंजिनापासून सुरू होते आणि इंजिनापाशीच संपते. गेल्या मार्चमध्ये माझ्यासमोर दोन मशिने होती: एक २००८ सालची यामाहा एपेक्स आणि दुसरी २०११ सालची स्की-डू एमएक्स झेड, ६०० ई-टेक इंजिनाची. दोन्हींची मागितलेली किंमत तीन हजार डॉलरच्या आसपास होती. दोन्ही मी झाकणे उघडून, गुडघ्यांवर बसून आणि प्रत्यक्ष चालवून पाहिल्या, आणि इंजिनाच्या कसोटीवर पहिली निर्विवाद सरस असतानाही दुसरी घेतली. ती का घेतली आणि घेतल्यावर तिच्यात काय बदलले, हे सविस्तर लिहीत आहे, कारण अमेरिकेतल्या मिनेसोटात नव्याने आलेले मराठी मित्र हिवाळा जवळ आला की हाच प्रश्न विचारतात आणि फोनवर त्याचे उत्तर नेहमी अर्धेच राहते.

मशिनांच्या आधी रस्त्याबद्दल सांगितले पाहिजे, कारण निवड मुख्यतः त्यानेच ठरवली. मिनेसोटात स्नोमोबाईलचे बावीस हजार मैलांहून अधिक लांबीचे ट्रेल, म्हणजे आखलेल्या बर्फवाटा, आहेत. त्यांतले बहुतेक स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक सरकारी अनुदानावर राखतात, आणि त्यांचा बराच भाग शेतकऱ्यांच्या आणि इतर खाजगी मालकांच्या जमिनीवरून, त्यांच्या परवानगीने जातो. मला मुख्यतः जायचे असते ते डुलुथपासून ग्रँड मरेपर्यंतच्या नॉर्थ शोअर स्टेट ट्रेलवर. स्नोमोबाईलविषयी आयुष्यभर लिहिणाऱ्या सी. जे. रॅमस्टॅड यांचे नाव आता त्या ट्रेलला जोडलेले आहे. हा १४६ मैलांचा, म्हणजे सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग लेक सुपीरियरच्या काठाकाठाने नव्हे, तर काठामागच्या डोंगरधारेवरून, जंगलातून जातो. सरोवराच्या उबेमुळे खाली काठावर पाऊस पडत असला तरी वर धारेवर गुडघाभर बर्फ असू शकते, म्हणून हा ट्रेल चांगला टिकतो. मात्र पेट्रोल, जेवण आणि माणसे बहुतेक खाली काठावरच्या गावांत, जोडट्रेलने उतरून मिळतात.

अशा मार्गावर काय लागते, याचा विचार आपण घरी बसून वेगळा करतो आणि दुपारच्या तीन वाजता, शंभरेक मशिने आपल्या आधी गेलेली असताना, वेगळा करतो. रात्री ग्रूमर या बर्फ दाबणाऱ्या यंत्राने सपाट केलेला ट्रेल शनिवारी दुपारपर्यंत ठिकठिकाणी उखडतो, आणि विशेषतः वळणांच्या आधी, जिथे सगळे ब्रेक लावतात, आणि वळणांनंतर, जिथे सगळे थ्रॉटल दाबतात, तिथे हात-दीड हात खोल खड्डे आणि उंचवटे एकापाठोपाठ एक तयार होतात. राज्यात वेगमर्यादा ताशी ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर आहे, आणि झाडांमधल्या वळणांवर तेवढा वेगही पुष्कळ वाटतो. म्हणजे मला हवे होते ते खड्ड्यांतून पाठ शाबूत ठेवणारे सस्पेन्शन, हातांना न दमवणारे स्टिअरिंग, दोन पेट्रोलपंपांमधले अंतर निर्धास्त काढणारी टाकी आणि उणे २५ अंश सेल्सिअसमध्ये पहाटे सुरू होणारे इंजिन. शंभराच्या वर हॉर्सपॉवर किती, हा प्रश्न या यादीत फार खाली येतो.

ज्यांनी हे वाहन जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात रचना सांगतो. पुढे वळण्यासाठी दोन स्की असतात, आणि मागे बोगद्यासारख्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत रबराचा एक रुंद, दातेरी ट्रॅक फिरतो. इंजिन आणि ट्रॅक यांच्यामध्ये गिअरबॉक्स नसतो. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरमध्ये असते तसेच दोन पुल्यांचे क्लच आणि त्यांमधला बेल्ट असतो, आणि वेगाप्रमाणे पुल्या उघडझाप करून गिअरचे प्रमाण बदलतात. ट्रॅकच्या आत दोन लांब रेल असतात, त्यांच्या तळाशी प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, आणि फिरणारा ट्रॅक त्या पट्ट्यांवरून घसरतो. त्यांना इथे हायफॅक्स म्हणतात. या पट्ट्यांना वंगण असते ते फक्त उडणाऱ्या बर्फाचे. इंजिनाचे कूलंटही बहुतेक ट्रेल मशिनांत रेडिएटरने नव्हे, तर त्या बोगद्याच्या छताला लावलेल्या हीट एक्स्चेंजरवर उडणाऱ्या बर्फाने थंड होते. त्यामुळे कडाक्याची थंडी असूनही, ट्रेल नुसता घट्ट बर्फाचा झालेला असेल आणि भुसभुशीत बर्फ उडत नसेल, तर मशीन तापते आणि पट्ट्या वितळतात. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला, आणि त्या मोसमात हे अनेकांना अनुभवायला मिळाले. जुने मशीन पाहताना त्या हिवाळ्यात ते चालवले होते का, आणि कशावर चालवले होते, हे मी मुद्दाम विचारतो.

आता दोन उमेदवारांकडे वळतो. आधी एक गंमत नोंदवली पाहिजे. माझे शेजारी निवृत्त आहेत, क्लबचा ग्रूमर चालवतात, आणि पोलारिसखेरीज कशावर बसणे त्यांना मंजूर नाही. पोलारिस १९५४ साली याच राज्यातल्या रोझोमध्ये सुरू झाली, तिच्या संस्थापकांपैकी एक असलेले एडगर हेटीन पुढे बाहेर पडले आणि त्यांनी थीफ रिव्हर फॉल्समध्ये जी कंपनी काढली तिची आर्क्टिक कॅट झाली. दोन्ही गावे एकमेकांपासून तास-सव्वा तासाच्या अंतरावर आहेत. अशा राज्यात राहून मी कॅनडातल्या क्युबेकमधल्या वालकूरची एक आणि जपानची एक, अशा दोन परक्या मशिनांमध्ये निवड करतो आहे, यावर त्यांनी बराच वेळ मान हलवली आणि मग दोन्ही ठिकाणी स्वतः तपासायला आले. दुसरी गंमत आपल्याकडच्या वाचकांसाठी. आमच्या पिढीला यामाहा म्हटले की आरएक्स-१०० आठवते आणि कानात टू-स्ट्रोकचा आवाज येतो. इथे मात्र यामाहा म्हणजे फोर-स्ट्रोक, आणि टू-स्ट्रोकचा धूर स्की-डूकडचा. तोही आता फारसा निघत नाही, ते पुढे येईलच.

एपेक्सचे इंजिन पाहून कोणत्याही यंत्रप्रेमी माणसाचे मन विरघळेल. ९९८ सीसी, चार सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, फ्युएल इंजेक्शन, आणि साधारण दीडशे हॉर्सपॉवर. त्याची वंशावळ यामाहाच्या आर-१ मोटारसायकलपर्यंत जाते. २००३ सालच्या आरएक्स-१ ने फोर-स्ट्रोक स्नोमोबाईलही वेगवान असू शकते हे दाखवले आणि २००६ मध्ये एपेक्स तिच्या जागी आली. या इंजिनाचा वेग इतका जास्त असतो की क्लचला तो झेपावा म्हणून मध्ये वेग कमी करणारे गिअर बसवलेले आहेत. एक्झॉस्टचे पाइप सीटखालून मागे नेलेले आहेत, आणि मागून येणारा तो आवाज खरोखरच सुंदर असतो. मी पाहिलेल्या मशिनवर अकरा हजारांहून अधिक मैल पडले होते. टू-स्ट्रोकच्या बाबतीत हा आकडा ऐकून मी फोन ठेवला असता, पण या इंजिनासाठी, तेल वेळेवर बदललेले असेल तर, तो चिंतेचा नाही. मालकाने पावत्या नीट ठेवल्या होत्या. एक्झॉस्टच्या जोडांमधली गॅस्केट झिजून थोडी फुरफुर येत होती, क्लचच्या बुशांमध्ये किंचित खेळ होता, बॅटरी जुनी होती. सगळी कामे वयाप्रमाणे येणारी.

चालवल्यावर मात्र दुसरी बाजू दिसली. या मशिनचे वजन एमएक्स झेडपेक्षा शंभर पौंडांहून अधिक आहे, आणि त्या जास्तीच्या वजनाचा मोठा भाग स्कींच्या डोक्यावर बसलेला आहे. सरळ मोकळ्या रस्त्यावर, उदाहरणार्थ गोठलेल्या सरोवरावर किंवा जुन्या रेल्वेमार्गावर, त्यामुळे ती रुळावर असल्यासारखी स्थिर धावते आणि दिवसभर चालवली तरी कंटाळा येणार नाही. पण जंगलातल्या लागोपाठच्या वळणांवर स्टिअरिंग फिरवायला खांदे लावावे लागतात. शिवाय फोर-स्ट्रोकमध्ये इंजिन ब्रेकिंग जोरदार असते: वळणाआधी थ्रॉटल सोडला की मागचा ट्रॅक धरला जातो, वजन आणखी पुढे येते, आणि नेमके जेव्हा नाक हलके हवे असते तेव्हाच ते जड होते. खड्ड्यांच्या पट्ट्यात पुढचे सस्पेन्शन तळाला टेकल्याचे दोनदा मनगटांना कळले. यामाहाने २०११ च्या एपेक्सला पॉवर स्टिअरिंग दिले, यावरून हा अनुभव माझ्या एकट्याचा नव्हता एवढे समजते.

स्टिअरिंग हलके करता येत नाही का? करता येते, आणि इथेच खरा पेच आहे. मागच्या सस्पेन्शनच्या पुढच्या हातावर एक पट्टा असतो, लिमिटर स्ट्रॅप. तो सैल केला किंवा तिथल्या शॉक ॲब्सॉर्बरची स्प्रिंग कडक केली की मशिनचे नाक थोडे उचलले जाते आणि स्कींवरचा भार घटतो. हँडल हलके होते, पण मग वळणात स्की बर्फाला नीट चावत नाहीत आणि मशीन वळण्याऐवजी सरळ झाडांकडे सरकते. ते थांबवायला स्कींखाली लांब कार्बाइड, म्हणजे बर्फात रुतणारी कठीण धातूची धार, लावावे, तर हँडल पुन्हा जड. पुढच्या स्प्रिंगा कडक करून नाक वर धरावे, तर बारीक खड्डे हातात येतात. प्रत्येक उपाय दुसऱ्या बाजूकडून उसने घेऊन केलेला असतो, कारण मूळ कारण, म्हणजे पुढे बसलेले वजन, कुठेच जात नाही. हलकी लिथियम बॅटरी आणि हलका एक्झॉस्ट यांनी काही पौंड कमी होतात, पण इंजिनाचे ओतीव काम तिथेच राहते. ट्रॅक १२१ इंचांवरून १३६ इंचांचा करून मागचा भाग लांबवणारे लोक आहेत आणि त्याने खड्ड्यांत फरक पडतो हे खरे, मात्र तो खर्च मशिनच्या किमतीच्या बराच जवळ जातो.

एमएक्स झेडची गोष्ट जवळजवळ उलटी निघाली. जोसेफ-आर्मांद बोम्बार्दिए यांनी वालकूरमध्ये १९५९ साली स्की-डू विकायला सुरुवात केली. त्याच कंपनीच्या २००३ च्या रेव्ह रचनेने चालकाला मागून उचलून मशिनच्या मध्याकडे, पुढे आणून बसवले, आणि त्यानंतर सगळ्या उद्योगाने तीच बैठक उचलली. २००८ ची रेव्ह-एक्सपी ही त्याच रचनेची हलकी आवृत्ती. मी पाहिलेले मशीन एक्सपीवरचे होते, १२० इंचांचा ट्रॅक, सहा हजार मैलांच्या आसपास धाव. दिसायला ते एपेक्सपेक्षा गरीबच होते: एका बाजूचे प्लास्टिक टाके घालावेत तसे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी शिवलेले, सीटला चिकटपट्टी, काच तडकलेली. शेजाऱ्यांनी त्याच्याकडे पाहून फक्त "हं" म्हटले.

स्की-डूची इंजिने बनवणाऱ्या रोटॅक्सच्या या इंजिनाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण टू-स्ट्रोक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येते ते इथे लागू होत नाही. साध्या टू-स्ट्रोकमध्ये हवा आणि पेट्रोल एकत्रच आत येतात, आणि जुना धूर बाहेर ढकलताना त्यातले काही ताजे पेट्रोलही न जळता एक्झॉस्टमधून निघून जाते. ई-टेकमध्ये आत येते ती नुसती हवा. पेट्रोल थेट सिलिंडरच्या डोक्यात, इंजेक्टरने, नेमक्या क्षणी फवारले जाते. हे तंत्र इव्हिनरूडच्या बोटींच्या इंजिनांतून आले आणि २००९ च्या मॉडेलांपासून बर्फावर आले. त्यामुळे पेट्रोल आणि तेल दोन्ही कमी लागतात, वास जवळजवळ येत नाही, आणि थंडीत कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसण्याची कटकट उरत नाही. उन्हाळ्यासाठी बंद करून ठेवताना हे इंजिन स्वतःच आतून तेलाचा जादा थर देते, ज्यामुळे क्रँकचे बेअरिंग गंजत नाहीत. माझ्या दृष्टीने जुन्या टू-स्ट्रोकचा सर्वांत मोठा धोका तोच असतो: चार हिवाळे नव्हे, चार उन्हाळे त्याला मारतात.

याचे ओझे मात्र दुसरीकडे पडते. प्रत्येक इंजेक्टरची स्वतःची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरावी लागते, म्हणून इंजेक्टर बदलणे हे गॅरेजमधल्या रविवारचे काम नाही. स्पार्क प्लगसुद्धा नुसते घट्ट करून चालत नाहीत, त्यांचे तोंड ठरावीक दिशेला यावे लागते. शिवाय चावीत इलेक्ट्रॉनिक ओळख असते आणि ती मशिनमध्ये नोंदलेली नसेल तर इंजिन वेग घेत नाही. म्हणून असे मशीन घेताना विक्रेत्याकडच्या सगळ्या चाव्या मागून घ्याव्यात आणि प्रत्येक लावून पाहावी.

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवले होते की इंजिन थंड असताना पाहायचे आहे, आणि पोहोचताच मी झाकणावर हात ठेवला. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन पुष्कळ गोष्टी लपवते. थंड इंजिन दोरीच्या दुसऱ्या ओढीला सुरू झाले. नंतर दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले, ते जवळजवळ समान आले. एकाच सिलिंडरचा आकडा खाली असता तर मी तिथूनच परतलो असतो. चेनकेसमधल्या, म्हणजे क्लचकडून ट्रॅककडे जोर नेणाऱ्या साखळीच्या डब्यातल्या, तेलात धातूचे कण नव्हते. मागचा भाग स्टँडवर उचलून ट्रॅक हाताने फिरवला, आणि कडा दोन्ही हातांनी दाबून पाहिल्या, कारण ट्रॅकच्या आत फायबरग्लासच्या काड्या असतात आणि त्या तुटलेल्या बाहेरून दिसत नाहीत, पण हाताला मऊपणा लागतो. काड्या शाबूत होत्या, रबराचे दाते मात्र बरेच झिजले होते. खालच्या बॉल जॉइंटमध्ये खेळ, हायफॅक्स संपत आलेले, दोन चाकांचे बेअरिंग खरखरणारे, चारही शॉकमध्ये तेलाची ओल. पायठेवणीमागे चौकटीला पीळ आहे का, पुढच्या ओतीव भागाला तडा आहे का, स्कींना धरणाऱ्या ए-आर्मवर नवा रंग आहे का, हे टॉर्च लावून पाहिले. नवा रंग हा माझ्या मते जुन्या मशिनवरचा सर्वांत संशयास्पद भाग. यांपैकी काही नव्हते, आणि माझ्या दृष्टीने सगळा सौदा इथे ठरला.

चालवताना ती इतकी वाईट चालली की मला आनंद झाला. ट्रेलवर आधीच्या मशिनांच्या कार्बाइडने पाडलेल्या चरांमध्ये स्की शिरत होते आणि हँडल डावी-उजवीकडे झटके देत होते. खड्ड्यांत मागचे सस्पेन्शन घोड्यासारखे लाथ मारत होते. काच ठेंगणी असल्यामुळे वारा सरळ छातीवर येत होता. पण वळणावर शरीर किंचित आत झुकवले की ती लगेच ऐकत होती, आणि थ्रॉटल सोडल्यावर नाकाचा भार फारसा बदलत नव्हता. म्हणजे जे चुकत होते ते सगळे बोल्टने लावलेले होते. झटके देणारे हँडल म्हणजे झिजलेले बॉल जॉइंट, बिघडलेले अलाइनमेंट आणि एकेरी कार्बाइड. लाथा म्हणजे तेल गेलेले शॉक आणि माझ्या वजनाला न जुळणाऱ्या स्प्रिंगा. वारा म्हणजे काच. एपेक्सच्या तक्रारींची अशी यादी करायला गेलो तर दोन-तीन नोंदींनंतर ती पुन्हा वजनापाशी येऊन थांबत होती.

आणखी एक गोष्ट एपेक्सच्या विरुद्ध गेली, जरी ती निर्णायक नव्हती. यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबाईलच्या व्यवसायातून बाहेर पडण्याचे जाहीर केले, आणि उत्तर अमेरिकेत २०२५ चे मॉडेल शेवटचे ठरले. १९६८ पासून चालत आलेली परंपरा तिथे थांबली. सुटे भाग उद्याच मिळेनासे होतील असे नाही, आणि हजारो एपेक्स अजून धावत आहेत; पण पंधरा वर्षे जुने मशीन आणखी दहा वर्षे वापरायचा विचार असेल तर डीलरच्या फळीवर काय असेल याचा विचार करावाच लागतो. शेजाऱ्यांनी यावर एकच वाक्य उच्चारले, की इंजिन बिघडणार नसेल तर भाग कशाला लागतात. त्यांचे म्हणणे इंजिनापुरते बरोबर आहे. रोज सत्तर-ऐंशी मैल सपाट, सरळ मार्गाने जाणाऱ्याला मी आजही एपेक्सच घ्यायला सांगेन.

तडकलेली काच, गेलेले शॉक आणि झिजलेला ट्रॅक दाखवून घासाघीस केली आणि एमएक्स झेड दोन हजार चारशेला मिळाली. मार्चअखेर बर्फ वितळत असताना विक्रेत्यांचा धीरही वितळतो. नोव्हेंबरात हेच मशीन त्याने एवढ्यात दिले नसते. नोंदणीचे कार्ड माझ्या नावावर करून घेतले. ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात लागते ते सुरक्षा प्रमाणपत्र माझ्याकडे आधीच होते.

उन्हाळ्यात पैसे कुठे गेले ते आता सांगतो. पहिली आणि सर्वांत मोठी रक्कम शॉकवर गेली, आणि तीच सर्वांत योग्य जागी गेली असे माझे ठाम मत आहे. सुदैवाने या मशिनवरचे शॉक उघडून दुरुस्त करता येण्याजोगे होते. ते चारही दुरुस्तीला दिले, आणि मागच्या टॉर्शन स्प्रिंगा माझ्या कपड्यांसकट वजनाला जुळतील अशा घेतल्या. हेल्मेट, बूट, जाड सूट आणि पाठीवरची पिशवी मिळून माणूस किती जड होतो हे काट्यावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. कारखान्यातून येणाऱ्या स्प्रिंगा कोणा सरासरी माणसासाठी असतात, आणि तो माणूस मी नाही.

त्यानंतर पुढचा भाग. बॉल जॉइंट नवे घातले, स्की रुंद तळाचे घेतले, आणि एकेरी कार्बाइडऐवजी दुहेरी लावले. दुहेरी कार्बाइड जुन्या चरात एका धारेने अडकत नाही, दोन उथळ धारांनी तो चर ओलांडून जातो, त्यामुळे हँडलचे झटके पुष्कळ कमी होतात. पण त्याआधी अलाइनमेंट केले पाहिजे, नाहीतर महाग कार्बाइडही वाकडेच चालते. स्कींची टोके ताणाच्या दोरीने एकमेकांकडे ओढून सांध्यांतली ढिलाई काढायची, ट्रॅकच्या बाजूने सरळ पट्टी पुढे आणून तिच्यापासून स्कींचे अंतर मोजायचे, आणि स्की पुढच्या बाजूला अगदी किंचित बाहेर उघडे ठेवायचे. हे काम मी आणि शेजाऱ्यांनी त्यांच्या गॅरेजात केले. मोजपट्टी त्यांनी माझ्या हातात दिली नाही.

ट्रॅक नवा घेतला, सव्वा इंच उंचीच्या दात्यांचा. दीड इंचाचा खोल भुसभुशीत बर्फासाठी चांगला, पण घट्ट ट्रेलवर तो नुसता वळवळतो. लांबी १३७ इंचांची करावी, असा आग्रह बऱ्याच मित्रांचा होता. लांब ट्रॅक दोन उंचवट्यांमधला खड्डा टेकून पार करतो, हे मान्य आहे. पण त्यासाठी रेल लांब हवेत, मागची चौकट वाढवावी लागते, आणि वळणातला जो चपळपणा पाहून हे मशीन घेतले तोच थोडा कमी होतो. ज्यांना १३७ इंच हवे आहेत त्यांनी १३७ इंचांचे मशीनच विकत घ्यावे, ते स्वस्त पडते. ट्रॅक उतरवलाच होता, म्हणून हायफॅक्स आणि खरखरणारी चाके त्याच वेळी बदलली आणि रेलवर स्क्रॅचर बसवले. ट्रेलचे कठीण बर्फ खरवडून वर उडवणाऱ्या या स्प्रिंगच्या तारांची किंमत शंभर डॉलरच्या आतबाहेर असते, आणि कमी बर्फाच्या वर्षी त्या इंजिन आणि पट्ट्या दोन्ही वाचवतात.

चेनकेसमधले वरचे चाक दोन दातांनी लहान केले. कंपनीचे गिअरिंग ज्या कमाल वेगासाठी असते तो वेग ट्रेलवर कायदेशीर नाही आणि शहाणपणाचाही नाही. थोडे खालचे गिअरिंग ठेवले की कमी वेगाने वळणांतून जाताना क्लच अर्धवट घसरत राहत नाही आणि बेल्ट थंड राहतो. हँडलला उंची देणारा दीड इंचाचा रायझर आणि उंच काच लावली, म्हणजे उभे राहून खड्डे घेताना कंबर वाकत नाही.

एक्झॉस्टला मी हात लावला नाही. बाजारात हलके, मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पुष्कळ मिळतात, आणि चार-पाच हॉर्सपॉवरचे आमिषही असते. पण हे ट्रेल ज्यांच्या जमिनीवरून जातात त्यांच्या घरांच्या खिडक्या ट्रेलपासून फार दूर नसतात. मध्यरात्री कर्कश आवाज ऐकून एखाद्या मालकाने पुढच्या वर्षी परवानगी नाकारली, तर क्लबला मैलोन्‌मैल वळसा शोधावा लागतो. शिवाय आवाजाची मर्यादा कायद्यातही आहे.

ट्रॅकला स्टड, म्हणजे टोकदार खिळे, लावावेत की नाही हे अजून ठरलेले नाही. घट्ट बर्फाच्या उतारावर ब्रेक लावताना त्यांच्यासारखा आधार नाही. पण मागे पकड वाढली की पुढे कार्बाइडही वाढवावे लागते, नाहीतर मागचा भाग पुढच्याला सरळ ढकलत नेतो, आणि हँडल पुन्हा जड होऊ लागते. बोगद्याच्या छताला संरक्षक पट्ट्या लावाव्या लागतात, नाहीतर खिळे हीट एक्स्चेंजर फाडतात. डांबरी तळाच्या सार्वजनिक ट्रेलवर खिळ्यांना बंदी आहे, तो भाग मग वगळावा लागतो. डिसेंबरात आधी नुसत्या ट्रॅकवर फिरून पाहणार आहे, आणि मागचा एक शॉक अजून दुरुस्तीवाल्याकडून यायचा आहे. तो आला की लिमिटर स्ट्रॅप मधल्या छिद्रात लावून सुरुवात करायची, आणि पहिल्या खड्ड्यांच्या पट्ट्यानंतर पाना बाहेर काढायचा.